शास्त्रीच्या वरच्या टप्प्यात कयाक: पाणी किती, आणि चढतं की उतरतं

कोलाडच्या कुंडलिकेवर दोन हंगाम कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद छोटी होडी) चालवलेल्या एका सदस्याने विचारलं आहे: जुलैत संगमेश्वर तालुक्यात, शृंगारपूर-नायरीच्या बाजूला शास्त्री नदीत उतरायचं आहे, पाणी किती असावं आणि ते आधी कसं ओळखावं?

किती आहे ते नंतर बघू. आधी ते चढतंय की उतरतंय, हे कळायला हवं. कुंडलिकेचं पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून सुटतं. ते आलं की काही तास पातळी टिकते, आणि तेवढ्यात टप्पा संपवायचा असतो. शास्त्रीच्या वरच्या भागाला असा नळ नाही. वर घाटातल्या प्रचितगडाच्या कड्यावर पडलेली सर तास-दोन तासांत तुमच्या होडीखाली येते, आणि तेव्हा तुमच्या डोक्यावर कदाचित ऊनही असेल.

एक हिशेब करून बघा. समजा तुम्ही उतरणार त्या जागेच्या वरचं पाणलोट क्षेत्र ६० चौरस किलोमीटर आहे. जमीन भिजून भरली आहे. तासात १० मिलिमीटर पाऊस झाला, जो कोकणात कुणाच्या लक्षातही राहत नाही, आणि त्यातलं ७० टक्के पाणी वाहून आलं, तर ते ४ लाख २० हजार घनमीटर होतं. तीन तासांत ते निघून गेलं असं धरलं तरी सरासरी ३९ क्युमेक्सची (सेकंदाला इतके घनमीटर) भर पडते. सकाळी ९ क्युमेक्स बघून उतरलात, तर दुपारी पाचपट पाण्यात असाल. म्हणून नियम एकच: पाऊस थांबल्यावर, उतरत्या पाण्यात जायचं.

चढ-उतार ओळखायला यंत्र लागत नाही. पाण्याच्या रेषेला लागून एक दगड ठेवा आणि १५ मिनिटांनी बघा. दोन बोटं जरी वर आलं असेल तरी त्या दिवशी नदी सोडा. उतरत्या पाण्यात काठच्या कातळावर ओला पट्टा दिसतो आणि गवत खालच्या दिशेला आडवं झालेलं असतं. चढत्या पाण्यात तो पट्टा नसतो, कोरडा दगड थेट पाण्यात जातो. पालापाचोळा, काटक्या आणि फेस प्रवाहाच्या मध्यातून वाहू लागतात, रंग तांबडा होत जातो. टप्प्यात असताना हे दिसलं तर पुढचा रॅपिड (खडकांतला वेगवान, खळाळता भाग) बघायलाही थांबू नका. होड्या काठाला, उंचावर घ्या.

आता किती ते. सरळ, सारख्या खोलीची जागा निवडा. रुंदी आणि सरासरी खोली मोजा, २० मीटरचं अंतर आखा, आणि एक हिरवं नारळाचं फळ किंवा लाकडाचा तुकडा सोडून वेळ घ्या. रुंदी १५ मीटर, खोली ०.६ मीटर आणि वेळ १६ सेकंद आला, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला १.२५ मीटर होतो. दगडी पात्रात तळाचं पाणी रेंगाळतं, म्हणून ०.८ ने गुणा: ९ क्युमेक्स, म्हणजे सुमारे ३२० क्युसेक्स (सेकंदाला इतके घनफूट). १२-१५ मीटर रुंद अशा पात्रात ५ क्युमेक्सच्या खाली होडी दगडांवर घासत जाते, ८ ते १५ मध्ये वाटा मोकळ्या असतात आणि दगडांमागच्या एडी, म्हणजे थांबता येईल अशा संथ पाण्याच्या जागा, पकडता येतात. २५ च्या वर त्या एडीच बुडतात आणि पाणी झाडीत शिरतं. मग थांबायला जागाच राहत नाही. हे आकडे अंदाजाचे आहेत. एक ठळक कातळ निवडून दर वेळी त्याची पातळी आणि प्रवाह लिहून ठेवलेत, की तुमचं स्वतःचं कोष्टक तयार होईल.

घरबसल्या बघायचं तर नुसता संगमेश्वरचा पाऊस बघू नका, तो खालचा आहे. घाटमाथ्यावरच्या पाथरपुंज आणि नवजाचे आकडे बघा. मात्र रोजचा आकडा सकाळी साडेआठ ते साडेआठ असा २४ तासांचा असतो. ६५ मिलिमीटर दिवसभर झिमझिमून झाले की पहाटेच्या एका तासात कोसळले, हे त्यातून कळत नाही. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत तिथेच रद्द करावा. यलो असेल तर निर्णय काठावर घ्यावा.

जुलैबद्दल माझं मत स्पष्ट आहे: हा महिना टाळा. मृग-आर्द्रात जांभा पाणी पितो, नदी हळू चढते. पण पहिल्या पुरांबरोबर ओंडके येतात आणि चढणीच्या माशांसाठी लोकांनी जाळी लावलेली असतात. पुनर्वसू आणि पुष्यात जमिनीत जागाच उरत नाही, पडेल ते सगळं नदीत येतं. मघापासून उत्तरापर्यंत, म्हणजे साधारण ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत, झऱ्यांचं पाणी नदीला धरून ठेवतं आणि पावसाला उघडीप असते. हस्तात दुपारी गडगडाटी पाऊस येतो, तेव्हा बाराच्या आत पाण्याबाहेर पडावं.

इथे माणूस मरतो तो बहुतेक वेळा रॅपिडमुळे नाही, माणसाने बांधलेल्या गोष्टींमुळे. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्यात काढलेल्या असतात. खांबांमधल्या अरुंद गाळ्यात होडी आडवी अडकली, की पाणीच तिला दाबून धरतं. कॉजवेखालचे सिमेंटचे पाइप माणसाला आत ओढतात. बांधावरून पाणी सरळ पडत असेल तर खालचा भोवरा दिसायला शांत असतो आणि सोडत नाही. साकवाखाली सकाळी होतं ते अंतर दुपारी नसतं. बांबूची बेटं आणि पात्रात झुकलेली करंज हेही तसंच: पाणी फांद्यांतून निघून जातं, तुम्ही नाही. म्हणून आदल्या दिवशी पूर्ण टप्पा काठाने चालून या, आणि प्रत्येक अडथळ्याच्या आधी कुठे बाहेर पडायचं ते ठरवा. गावात शेती करणारा माणूस कुठल्याही नकाशापेक्षा नेमकं सांगतो, त्याला विचारा. पोलीस पाटलांनाही कळवून ठेवा. शृंगारपूरच्या वर वनखात्याची हद्द लागते, तिथे परवानगीशिवाय जाऊ नये.

होडीतून पाण्यात पडलात तर पाठीवर, पाय पुढे आणि वर. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका. बेसॉल्टच्या भेगांत आणि रांजणखळग्यांत पाय अडकला की प्रवाह माणसाला पालथं घालतो, आणि कमरेइतकं पाणीही पुरतं. किमान तीन होड्या, प्रत्येकाकडे हेल्मेट, शिट्टी, सुरी आणि १५ ते २० मीटर तरंगत्या दोरीची थ्रो बॅग (पाण्यात पडलेल्याकडे फेकायची पिशवी) असावी. हवेच्या स्वस्त होड्या इथल्या कातळावर फाटतात, त्या घरीच राहू द्या. अंगावर उघडी जखम असेल तर उतरू नका, आणि नंतर ताप आला तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाचा) विचार करून डॉक्टरांना नदीत उतरल्याचं सांगा.

आणि शेवटी गाडी: ती कॉजवेच्या अलीकडे, डांबरी रस्ता असलेल्या काठावर लावा. पाणी चढलं तर पलीकडे अडकलेली गाडी काढायला माणसं वाहत्या कॉजवेवरून जातात.