पोरगी दवाखाना नको म्हणते: उद्यमनगरच्या एका वडिलांना उत्तर

पत्र असं आहे:

"माझं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाला लागणाऱ्या नमुन्यांचं वर्कशॉप आहे. थोरली मुलगी सांगलीला बीडीएस, म्हणजे दातांची डॉक्टर झाली, इंटर्नशिपचे शेवटचे चार महिने राहिलेत. राजारामपुरीत मी एक गाळा बघून ठेवलाय. खुर्ची, एक्स-रे, कॉम्प्रेसर सगळं धरून अठरा-वीस लाखांचा अंदाज आहे, बँकेशीही बोलणं झालंय. आणि आता ही म्हणते, दवाखाना नको, मला तोंडाच्या रोगांवर आणि दातांच्या मटेरियलवर संशोधन करायचंय. परवा तिची एक वही हाताला लागली. पानंच्या पानं नुसते आकडे. एका ओळीत २२, २२, १९. विचारलं तर म्हणाली, पेशंटचं तोंड किती मिलिमीटर उघडतं ते लिहून ठेवते. पाच वर्षं शिकवलं ते याच्यासाठी? डॉक्टर झालेल्या पोरीनं लॅबमध्ये बाटल्या हलवत बसायचं? तिचं चुकतंय का माझं, स्पष्ट सांगा. आणि तिच्या लग्नाचं कसं व्हायचं?"

नमस्कार.

स्पष्ट विचारलंत, म्हणून आधी निर्णयाचं बोलते. गाळ्याचा व्यवहार सध्या थांबवा. कायमचा नको, दोन वर्षं. कारण त्या वहीतच आहे. ती वही तुम्हाला वेळ घालवल्यासारखी वाटली, पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाची वाटली ती तीच.

२२ म्हणजे काय ते सांगते. धडधाकट माणसाचं तोंड साधारण चाळीस मिलिमीटर उघडतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का बघा, सहज जातील. ज्याचं तोंड २२ मिलिमीटरच उघडतं, त्याची दोन बोटंही अडतात. मोठा घास जात नाही, जांभई पुरी देता येत नाही. आपल्या भागात ही माणसं कुठून येतात हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या वर्कशॉपमध्येही गालात सुपारी-तंबाखूचा मावा धरून काम करणारं कुणीतरी असेलच. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण मावा काही थांबला नाही. सुपारीतल्या अर्काने गालाच्या आतल्या मऊ कातडीखाली चिवट तंतू साठत जातात. सुपारीत तांबंही बरंच असतं, आणि ते तंतू एकमेकांना घट्ट बांधणारं जे एन्झाइम शरीरात असतं, त्याला काम करायला तांबंच लागतं. हळूहळू गाल आतून दोरीसारखा ताठ होतो. या आजाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. त्याची सुरुवात कोल्हापुरी माणसाला कळायला हवी अशी आहे: तिखट सोसेनासं होतं. ज्यानं जन्मभर तांबडा रस्सा वाट्यावर वाट्या प्यायला, त्याला साधी आमटी झोंबायला लागते. लोक म्हणतात पित्त झालंय, उष्णता झालीय. तिथं वर्ष-दोन वर्षं जातात आणि मग तोंड मिटायला लागतं.

पुढचं जास्त वाईट. यातल्या काहींना तोंडाचा कॅन्सर होतो. भारतातल्या पुरुषांमध्ये आज सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर ओठ-तोंडाचाच आहे.

आता त्या ओळीकडे परत बघा: २२, २२, १९. तीन वेगळ्या माणसांचे आकडे असते तर तिनं ते एकाखाली एक लिहिले असते. एकाच ओळीत आहेत म्हणजे बहुधा एकच माणूस तीन वेळा आला, आणि तिसऱ्या वेळेला त्याचं तोंड आणखी मिटलेलं होतं. कुणी सांगितलं नसताना, मार्क मिळणार नसताना, इंटर्नशिपच्या धबडग्यात तिनं त्याच माणसाला पट्टी लावून पुन्हा मोजलं. संशोधन असंच सुरू होतं, यंत्रं नंतर येतात.

एक उदाहरण देते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक छोटा विभाग होता. त्या लोकांनी केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या या आजाराच्या ६६ रुग्णांचा माग ठेवला. किती काळ? १७ वर्षं. त्यातल्या ५ जणांना कॅन्सर झाला, म्हणजे ७.६ टक्के. १९८५ साली हा आकडा छापून आला आणि आजही जगभरचे डॉक्टर तो सांगतात. ६६ माणसं म्हणजे तुमच्या गल्लीतली पंधराएक घरं. पण त्यांच्याकडे १७ वर्षं पुनःपुन्हा जाणारं कुणीतरी होतं, म्हणून हा आजार किती धोक्याचा आहे ते आकड्यात मांडता आलं. तुमची मुलगी त्याच जातीची दिसते मला.

आता बाटल्या हलवण्याचं. इथं मात्र मी तुमच्याशी थोडी भांडणार आहे, कारण दातांचं मटेरियल हा विषय कोल्हापुरात सगळ्यात लवकर कुणाला कळायला हवा असेल, तर तो तुम्हाला.

तुम्ही बिडाच्या कास्टिंगसाठी पॅटर्न करता तेव्हा शेकडा एकच्या आसपास श्रिंकेज धरून तो मोठा करता. धातू थंड होताना आकसणार हे धरूनच माप घेता. दाताची टोपी ओततानाही तीच अडचण येते. अमेरिकेत टॅगार्ट नावाच्या दंतवैद्यानं १९०७ मध्ये मेणाचा नमुना वितळवून दाताचं ओतकाम करायची रीत दाखवली. आपल्या गुजरीतले सोनार दागिन्यांसाठी करतात त्याच जातीची. पण दाताच्या बाबतीत केसाएवढा फरकही चालत नाही, टोपी बसतच नाही. म्हणून तिथं उलटी युक्ती करतात: मेणाचा नमुना आहे तेवढाच ठेवतात आणि त्याच्याभोवतीचा साचा असा बनवतात की तो तापून फुगावा, आणि धातू जेवढा आकसणार तेवढी जागा आधीच तयार व्हावी. आजच्या झिर्कोनियाच्या पांढऱ्या टोप्यांत तर थेट तुमचीच पद्धत आहे. कच्चा ठोकळा सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर घासताना टोपी शेकडा वीस-पंचवीसनं मोठी काढतात, मग जवळपास दीड हजार अंशांच्या भट्टीत ती आकसून बरोबर मापावर येते. हे तुमच्या मुलीनं दुसऱ्या वर्षाला डेंटल मटेरियल्समध्ये वाचलंय. तुमच्या घरात हा विषय तुम्ही दोघंही बोलता, फक्त तो एकच आहे हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

याहून जवळचं उदाहरण आहे. रंग धरावा म्हणून लोखंडाला आधी फॉस्फोरिक ॲसिडचा हात देतात, हे उद्यमनगरात कुणालाही माहीत असतं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला बुओनोकोर नावाचा दंतसंशोधक होता. कारखान्यातला हाच प्रकार बघून त्याला वाटलं, दातावर का नाही चालणार? त्यानं दाताच्या कवचाला ३० सेकंद फॉस्फोरिक ॲसिड लावलं, धुतलं, आणि प्लास्टिकचं सिमेंट चिकटवून बघितलं. ते धरलं. हे १९५५ सालचं. आज दातात पांढरं सिमेंट भरण्याआधी डॉक्टर निळसर जेल लावून थोडा वेळ थांबतात आणि पाण्यानं धुतात, तेच ते ॲसिड, फक्त सौम्य केलेलं. कारखान्यातली एक गोष्ट दवाखान्यात नेली आणि सगळ्या जगाची दात भरायची पद्धत बदलली.

आणि काम अजून संपलेलं नाही, भरपूर उरलंय. हे पांढरं सिमेंट घट्ट होताना आकसतं, साधारण शेकडा दोन-तीन, आणि कडेनं फट पडली की तिथूनच पुन्हा कीड लागते. तोंडात गरम चहा, लगेच गार पाणी, त्यात जबड्याचा दाब आणि लाळ. इतक्या वाईट परिस्थितीत तुमचं कुठलंही कास्टिंग काम करत नसेल. मग मोठे प्रश्न येतात. सबम्यूकस फायब्रोसिसचा रुग्ण फारच अडला तर शस्त्रक्रिया करून गालातले ते ताठ पट्टे कापतात. कापलेल्या जागी काय लावायचं? काहीच लावलं नाही तर जखम भरताना तंतू परत येतात. म्हणून रुग्णाचाच मांसाचा तुकडा फिरवून बसवतात. तिथं लावता येईल असं चांगलं, स्वस्त, शरीरात हळूहळू विरघळून जाणारं पापुद्र्यासारखं मटेरियल मिळालं, तर आपल्या जिल्ह्यातल्या किती माणसांची तोंडं उघडतील याचा विचार करा. २०२१ मध्ये काळ्या बुरशीनं किती जणांचा वरचा जबडा काढावा लागला ते आपण सगळ्यांनी बघितलं. तोंडातून नाकात थेट भोक, बोललेलं कळत नाही, पाणी नाकातून येतं. त्यांच्यासाठी ॲक्रिलिकची प्लेट करतात; आता स्कॅनवरून टायटॅनियमचा जबडा त्रिमितीत छापून बसवायचं कामही सुरू झालंय. तिला 'तोंडाचे रोग' आणि 'मटेरियल' अशी दोन टोकं हवीत असं तुम्हाला वाटतंय. तिच्या डोक्यात ती बहुधा एकच आहेत.

रस्त्याबद्दल थोडक्यात. बीडीएसनंतर दोन वाटा आहेत. एक, नीट-एमडीएस ही प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षांची एमडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरची पुढची पदवी. रोगाकडे जायचं असेल तर ओरल पॅथॉलॉजी ही शाखा. तिच्यात दवाखान्याची कमाई कमी म्हणून गर्दी कमी असते, आणि संशोधनाला नेमकी तीच चांगली. मटेरियलकडे जायचं असेल तर प्रॉस्थो (कृत्रिम दात, टोप्या) किंवा कॉन्झर्व्हेटिव्ह (दात भरणं, वाचवणं); या शाखांना मागणी आणि फी दोन्ही जास्त, पण पुढे हाताशी दवाखानाही राहतो. दुसरी वाट इंजिनीअरिंगची. गेट ही परीक्षा आता बीडीएसवाल्यांनाही देता येते आणि तिच्यात बायोमेडिकल इंजिनीअरिंगचा वेगळा पेपर आहे. एमटेक करून पुढे पीएचडी. दातांचं आणि हाडांचं मटेरियल भारतात बनवण्याचं मोठं काम तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत चालतं; आपल्या देशाचा पहिला कृत्रिम हृदयझडपेचा नमुनाही तिथलाच. प्रत्येक संस्थेची पात्रता वेगळी असते, तेव्हा अर्ज भरण्याआधी जाहिरात अक्षर न् अक्षर वाचायची. माझा कल? तिच्या वहीवरून मला तिनं आधी एमडीएस करावी असं वाटतं. रुग्ण बघितलेला माणूस मटेरियलच्या लॅबमध्ये गेला की प्रश्न बरोबर विचारतो, आणि तसे लोक फार कमी आहेत.

पैशाचं खोटं बोलणार नाही. दवाखाना चालला तर कमाई याहून जास्त. केंद्र सरकारच्या विज्ञान खात्यांची फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं, पुढच्या टप्प्यात ४२,०००. तिशी ओलांडेपर्यंत हेच. त्यानंतर कॉलेजातली नोकरी, संशोधन संस्था, किंवा दातांचं साहित्य बनवणारे कारखाने. आपल्याकडे मुंबईत आहेत, जम्मूतही आहेत. आणि २०१७ च्या नियमांनुसार दातांचं साहित्य वैद्यकीय उपकरणांत मोडतं, त्यामुळे त्याच्या चाचण्या आणि कागदपत्रं समजणारा दंतवैद्य अशा कंपन्यांना लागतोच. पण तुमचे वीस लाख आत्ता खुर्चीत अडकले आणि हप्ता सुरू झाला, की तिला सकाळी नऊ ते रात्री नऊ गाळ्यात बसावंच लागेल. मग परीक्षाही नाही आणि वहीही नाही. दवाखाना चाळिशीतही काढता येतो, डिग्री कुठं जात नाही. संशोधनात मात्र उशिरा शिरणं फार अवघड.

तिलाही एक सांगायचंय, तुम्ही तिला हे वाचायला द्या. संशोधन हा शब्द आवडणं वेगळं आणि रोजचं काम सोसणं वेगळं. उरलेल्या चार महिन्यांत स्वतःला तपासून घे. वहीत रुग्णाचं नाव लिहू नकोस, खुणेचा आकडा लिही, आणि विभागातल्या सरांना किंवा मॅडमना वही दाखव. हे पुढे छापायचं असेल तर कॉलेजच्या नीतिसमितीची परवानगी आधी घ्यावी लागते, नंतर मिळत नाही. सुटीच्या दिवशी शिवाजी विद्यापीठात जा. तिथं नॅनोसायन्सचा विभाग आहे, कॉमन फॅसिलिटी सेंटरमध्ये मटेरियल तपासायची यंत्रं आहेत. कसबा बावड्याला डी. वाय. पाटील विद्यापीठातही आंतरशाखीय संशोधन केंद्र आहे. तिथल्या पीएचडीच्या मुलांजवळ दोन तास बस आणि विचार, गेल्या महिन्यात किती प्रयोग फसले. ते ऐकून जर तुला घरी यावंसं वाटलं, तर बाबांचा गाळा काही वाईट नाही. पण एकाच फसलेल्या प्रयोगाबद्दल तू त्यांना पाच प्रश्न विचारलेस, तर मग मागं बघू नकोस.

लग्नाचं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय. त्याला वेगळं उत्तर नाही. पीएचडी करणाऱ्या मुलींची लग्नं होतात, आणि ज्या घराला तिची वही समजेल तेच घर बघा.

गाळ्याच्या मालकाला उद्याच फोन करून दोन वर्षं थांबा म्हणून सांगा, म्हणजे बँकेचा कागद पुढे सरकणार नाही. आणि आज रात्री जेवताना करिअरचा विषय काढू नका. एवढंच विचारा: तो १९ वाला माणूस परत आला होता का?