चुकलेले टार्गेट आणि न सांगितलेला संबंध

ब्रोकरच्या संशोधन अहवालावर विसंबून आपण घेतलेला शेअर निम्म्याहून खाली आला, आणि अहवालाच्या सात महिने आधी त्या कंपनीचा आयपीओ (पहिली सार्वजनिक समभागविक्री) ब्रोकरच्याच भगिनी कंपनीने हाताळला होता असे आता समजले. तेव्हा भरपाई मिळेल का, असा आपला प्रश्न आहे. अशी पत्रे नेहमी येतात व बहुतेकांचा रोष चुकलेल्या टार्गेटवर, म्हणजे शेअर किती भावापर्यंत जाईल या अंदाजावर, असतो. केवळ अंदाज चुकला, एवढ्यावर दावा उभा राहत नाही.

आपले प्रकरण ठरेल ते शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या २०१४ च्या संशोधन विश्लेषक विनियमांतील विनियम १९ वर. विश्लेषकाने किंवा त्याच्या सहयोगी संस्थेने मागील बारा महिन्यांत त्या कंपनीची सार्वजनिक समभागविक्री हाताळली असेल, तर तसे अहवालातच सांगणे बंधनकारक आहे. हा मजकूर बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतो. तो तिथे असेल, तर आपली बाजू फार दुबळी होते. नसेल, तर तक्रारीला भक्कम आधार मिळतो, मात्र नुकसानीपैकी किती भाग त्या मौनामुळे झाला हे सिद्ध करणे अवघड असते आणि त्याविषयी मी आश्वासन देणार नाही.

नेमका तो अहवालच आपण जपला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले टार्गेट पाहून आयुष्यभराची बचत गुंतवली आणि नंतर अकरा महिने ब्रोकरच्या रिलेशनशिप मॅनेजरशी फोनवर बोलत राहिलात, याचे मला वाईट वाटते आणि रागही येतो. सुदैवाने विनियम २५ नुसार अहवाल व शिफारशीमागील कारणे पाच वर्षे जतन करावी लागतात. त्यांची प्रत मागणारी व विनियम १९ चा उल्लेख करणारी तक्रार ब्रोकरच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने आजच पाठवा.

उत्तर न आल्यास किंवा ते न पटल्यास सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर जाता येते, परंतु तक्रारीचे कारण घडल्यापासून एका वर्षाच्या आत. संबंध उशिरा कळला म्हणून मुदत तेव्हापासून मोजावी, असा युक्तिवाद करता येईल; तो मान्य होईलच असे नाही, म्हणून वर्ष खरेदीच्या तारखेपासूनच मोजा. प्रत्यक्ष पैशांच्या मागणीसाठी स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन वाद निवारण पोर्टलवर आधी समेट व मग लवाद असा मार्ग आहे. खरेदीची कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेली व्यवहाराची नोंद) आणि तो व्हॉट्सअ‍ॅप संदेश मात्र पुसू नका.