ज्येष्ठमधापासून सुरुवात करा, लिंबापासून नको
वांगाच्या, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट डागांसाठी एकदम पाच पावडरी लावायच्या म्हणता? पुरळ उठलं तर कशाने, कळायचं कसं? आधी फक्त ज्येष्ठमध घ्या. त्यातलं ग्लाब्रिडिन मेलॅनिन (त्वचेचा रंग गडद करणारं द्रव्य) बनवणाऱ्या टायरोसिनेज एन्झाइमला अडवतं. पण ते पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे मंडईतून आणलेली पूड गुलाबपाण्यात कालवण्यापेक्षा तयार अर्काचं क्रीम बरं.

- आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा.
- लिंबू चेहऱ्यावर अजिबात नको! लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे नवेच डाग उठतात.
- सनस्क्रीन रोज, एसपीएफ ३० तरी. स्कूटरवर स्कार्फ गुंडाळलात तरीही.

फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. डागाचा आकार बदलला तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा. अर्ब्युटिन, कोजिक अ‍ॅसिड वगैरे डाग फिकट करणारे बाकीचे घटक नंतर बघू.