तीस वर्षं टिकेल अशी लँग्वेज कोणती?

कळव्याचे एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला. ठाणे स्टेशनजवळच्या प्रोग्रामिंग क्लासची दोन पत्रकं त्यांनी टेबलावर ठेवली, एक जावाचं, एक पायथनचं. “फी एकदाच भरणार. पुढे तीस वर्षं बघायला लागू नये.”

रुळलेली भाषा सहसा मरत नाही. कोबोल १९५९ची, अजून बँकांत राबते आहे. पायथन १९९१ची, जावा १९९५ची. दोन्ही इतक्यात कुठे जात नाहीत. जुनं होतं ते भाषेभोवतीचं सामान.

मुलाला लॅपटॉप उघडायला सांगितलं. त्यात हजेरीचा एक पायथन प्रोजेक्ट होता, २०२२ सालचा, सीनियरकडून आलेला (कॉलेजात प्रोजेक्ट वारशानेच मिळतात). नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टपुरता वेगळा कप्पा) करून पिपने, म्हणजे पायथनच्या इन्स्टॉलरने, लायब्रऱ्या (इतरांनी लिहिलेला तयार कोड) टाकल्या. लायब्रऱ्यांच्या यादीत नुसतं ‘पँडास’ (तक्ते हाताळणारी लायब्ररी) लिहिलेलं, व्हर्जन नाही. म्हणून सगळ्यात नवं आलं आणि प्रोग्राम आडवा झाला: डेटाफ्रेमला, म्हणजे पँडासच्या तक्त्याला, ‘अपेंड’ (ओळ जोडायची सोय) नाही. ही सोय जाणार अशी सूचना पँडास १.४ पासून, म्हणजे जानेवारी २०२२ पासून, स्क्रीनवर येत होती. एप्रिल २०२३ च्या २.० मध्ये ती काढलीच. मुलाने जुनं पँडास १.५.३ टाकून पाहिलं, तेही बसेना. लॅपटॉपवर पायथन ३.१२, आणि पँडास १.५.३ च्या इन्स्टॉलसाठी तयार फायली पायथन ३.११ पर्यंतच्याच. शेजारी ३.११ टाकलं, यादीत व्हर्जन लिहिलं, तेव्हा हजेरी दिसली. मग खरी दुरुस्ती: ओळी आधी लिस्टमध्ये गोळा करायच्या, शेवटी एकदाच ‘कॉन्कॅट’ने जोडायच्या. लूपमध्ये अपेंड केलं की दर वेळी अख्खा तक्ता कॉपी होतो, म्हणून तो प्रोग्राम आधीही रखडतच होता. आता तो नव्या पँडासवरही चालला.

पायथन स्वतः धुतल्या तांदळासारखं आहे असं नाही. २००८ च्या पायथन ३ ने जुना कोड मोडला, आणि पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. ‘प्रिंट’चा कंस राहिला तर एरर येते, ते परवडतं. ३ भागिले २ चं उत्तर आधी १ यायचं, नंतर १.५ येऊ लागलं. तिथे एरर नाही, बिल मात्र चुकतं. जावा जुन्या कोडला जास्त जपते, तरी जावा ११ मधून जॅक्सबी (एक्सएमएल फायली हाताळणारा भाग) काढलं तेव्हा ते वेगळं जोडून घ्यावं लागलं.

मुलाचा हात पायथनवर बसलेला होता, म्हणून तेच ठेवायला सांगितलं. सोबत दोन महिने घरी एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर. एसक्यूएलचं स्टँडर्ड १९८६ चं आहे आणि जावावाल्यालाही त्याच्याशिवाय गत्यंतर नाही.

“म्हणजे फी एकाच क्लासची,” वडील म्हणाले. जावाचं पत्रक मात्र त्यांनी घडी करून खिशात टाकलं. धाकटी बारावीला आहे.