ग्रीक शोकांतिका वाचायला घेतोयस तर

शेवटी कुणी मेलं की झाली शोकांतिका, ही समजूत आधी सोड. एस्किलसची ‘ओरेस्तेइया’ ही तीन नाटकांची मालिका (इ.स.पू. ४५८) समेटावर संपते, तरी अथेन्सच्या डायोनिसस देवाच्या उत्सवातल्या नाट्यस्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं.

सुरुवात सोफोक्लीजच्या ‘ईडिपस’पासून कर. कोरिंथहून आलेल्या दूताच्या प्रवेशाशी थांब, पुन्हा वाच. तो राजा ईडिपसची भीती घालवायला बोलतो आणि त्याच बोलण्यातून सत्य उघडं पडू लागतं: ईडिपसने नकळत बापाला मारलंय आणि आईशी लग्न केलंय. अ‍ॅरिस्टॉटलनेही हीच कलाटणी उदाहरण म्हणून दिली आहे. त्याची राणी योकास्टा हिला आधी कळतं, ती थांब म्हणून विनवते, पण ईडिपस विचारतच राहतो. आपल्या थीब्झ नगरीला रोगराईतून सोडवायला निघालेला माणूस आहे तो, दुष्ट नव्हे. त्याचा चांगुलपणाच त्याला तिथवर नेतो. माझ्या मते शोकांतिकेचा जीव इथे आहे. कोरसची, म्हणजे नाटकातल्या गायकसमूहाची, गाणी मात्र गाळू नकोस.