मुलीचा बायोडेटा आधीच लिहून ठेवू नका

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावी कॉमर्सला, अकरावीत ६८ टक्के. तिने अर्थशास्त्र घ्यावं, अमेरिकेत पीएच.डी. करावी आणि परत येऊन राजकारणात उतरावं, असं तुम्ही ठरवलंय. नमुना म्हणून सोमालियातल्या पुंटलँड राज्याचे माजी अध्यक्ष अब्दिवेली मोहम्मद अली ‘गास’ यांची कारकीर्द जोडली आहे. आपण स्वतः पंचायत समितीला दोनदा पडलो, हेही मोकळेपणाने लिहिलंय.

मला ६८ टक्क्यांची काळजी वाटत नाही. तिच्या पुढच्या वीस वर्षांचा आराखडा तयार आहे आणि त्यात तिचं स्वतःचं एक वाक्य नाही, याची वाटते. “मुलगी ऐकणारी आहे,” असं तुम्ही कौतुकाने लिहिता. ऐकणारी मुलं घरात ‘नाही’ म्हणत नाहीत. दुसऱ्या वर्षाला विषय राहिले, की ती माझ्यासमोर येऊन रडतात. तोवर घरात कुणाला पत्ता नसतो.

आता गास यांच्याबद्दल. सोमालियाची राजधानी मोगादिशूत पदवी, मग अमेरिकेत व्हँडरबिल्ट, हार्वर्ड, २००० साली जॉर्ज मेसन विद्यापीठाची पीएच.डी. आणि शेवटी खुर्ची, असा सरळ जिना तुम्ही मांडलात. मधलं सगळं गाळलंत. १९९१ मध्ये सोमालियाचं सरकार कोसळलं, यादवी पेटली. पदव्यांनी गास यांना दिली ती न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा विद्यापीठात प्राध्यापकी. २०१० मध्ये ते सोमालियाच्या केंद्र सरकारात मंत्री झाले, जून २०११ मध्ये पंतप्रधान. पुढच्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांनी दक्षिण सोमालियात दुष्काळ जाहीर केला.

पदवीने पद मिळतं, हा तुमचा मोठा गैरसमज आहे. गास उभे राहिले तेव्हा पुंटलँडमध्ये अध्यक्ष जनतेच्या मतांवर ठरत नव्हता. कुळांचे, म्हणजे तिथल्या वंशगटांचे, वडीलधारे ६६ प्रतिनिधी नेमत आणि ते प्रतिनिधी अध्यक्ष निवडत. ८ जानेवारी २०१४ ला पुंटलँडची राजधानी गारोवेत गास यांना ३३ मतं पडली, तेव्हाचे अध्यक्ष फारोले यांना ३२. हा निकाल कुळांच्या गणितावर आणि शेवटच्या फेरीतल्या जुळवाजुळवीवर ठरतो. त्यात प्रबंध कुणी वाचत नाही. पुढे अर्थशास्त्राचा हा डॉक्टर सत्तेवर असतानाच पगार थकले म्हणून सैनिक रस्त्यावर आले. २०१९ मध्ये प्रतिनिधींनी त्यांना हटवून सईद अब्दुल्लाही देनी यांना निवडलं. मला गास यांच्या चिकाटीबद्दल आदर आहे. पण ही वाट त्यांच्या देशाच्या उलथापालथीतून निघाली, ती कुणाच्या मुलीला आखून देता येत नाही.

राजकारणाची ओढ तुमची आहे. मग तिसऱ्यांदा तुम्हीच उभे राहा, मनापासून सांगतो. मुलीला त्यातून मोकळं करा.

पत्राच्या तळाशी तुम्ही सहज लिहून गेलात, की तुमच्या कृषी सेवा केंद्राची उधारीची वही तिने कुणी न सांगता एक्सेलवर चढवली आणि कुणाची थकबाकी किती महिन्यांची, हे ती आता तोंडपाठ सांगते. संपूर्ण पत्रात तिने आपणहून केलेली ही एकच गोष्ट आहे, आणि तुम्ही ती ‘ता.क.’मध्ये टाकलीत! मी सुरुवात तिथून करेन. यातून तिला हिशेब आवडतो, की गावातल्या कर्जाचं चक्र समजून घ्यायला आवडतं, हे तिला विचारायला हवं. पहिलं असेल तर सीए फाउंडेशन, दुसरं असेल तर अर्थशास्त्र शिकवणारी पुण्यातली गोखले संस्था. बारावीला गणित आहे ना, तेवढं कळवा.

बोर्डाची परीक्षा झाली की तिला घेऊन या. पहिला तासभर मी तिच्याशी एकटीशी बोलेन, तुम्ही बाहेर थांबायचं.