बेळगाव भागात हीटेड ग्रिप्स लागतात का? लागतात, पण रिले लावूनच बसवा

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. टूरिंग बाईकला हीटेड ग्रिप्स (म्हणजे आत तार असलेल्या, करंटवर गरम होणाऱ्या हँडलच्या मुठी) घरी बसवता येतात का, शोरूमवाला वॉरंटी जाईल म्हणतोय ते खरं का, आणि शेवटी "आपल्या बेळगाव-निपाणी भागात एवढी थंडी असते तरी का, की नुसतं हौसेचं काम आहे". पहिल्या दोन्हीकडे येतो, पण आधी तिसऱ्याचं सांगतो, कारण हे "हौसेचं काम" मी लई ऐकून घेतलंय, ते पण घरातच, ताटावर बसून.

हौसेचं काम नाहीये ते. ब्रेक दाबायची बोटं जागी ठेवायचं काम आहे.

मी आधी उद्यमबागेत एका फाउंड्रीत फेटलिंगला होतो. कास्टिंग बाहेर आलं की त्याच्या कडा, फ्लॅश, रायझरचे बुडखे सगळं ग्राइंडरनं घासून काढायचं, शिफ्टभर हातात ग्राइंडर. ज्यांनी हे काम केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. काही वर्षांनी थंडीत बोटांची टोकं पांढरी पडायला लागली, मेणबत्तीगत पांढरी, आणि टाचणी टोचली तरी कळायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं की व्हायब्रेशननं होतंय हे, बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या गार लागलं की आवळून बसतात आणि रक्तच पुढं जात नाही. ग्राइंडर, जॅकहॅमर, झाडं कापायची चेनसॉ, असली कामं करणाऱ्यांना होतंय म्हणाले. आता मी फेटलिंग सोडून सीएनसीवर आहे, पण बोटांचं जे झालं ते पूर्ण गेलेलं नाही.

आता दाजी. माझ्या थोरल्या ताईचे मिस्टर, निपाणीचे, माणूस सोन्यासारखा आहे आणि गाडीचा नाद मला त्यांनीच लावला, हे आधी लिहून ठेवतो. पण हीटेड ग्रिप्सचं नाव काढलं की त्यांचं ठरलेलं, "अरे आम्ही राजदूतवरनं थंडीत पन्हाळा करत होतो, ग्लोव्हज चांगले घाल की." हे वाक्य ते मला दर दिवाळीला ऐकवतात.

एकदा डिसेंबरमध्ये ताईकडं मुक्काम होता आणि पहिली शिफ्ट गाठायची म्हणून पहाटे अंधारातच निपाणीहून निघालो. निघताना दाजींनी स्वतःचे जाड विंटर ग्लोव्हज दिले, हे घाल म्हणाले, बर्फात चालतात. तवंदी घाट चढेपर्यंत ठीक होतं. घाट संपल्यावर वरच्या माळावर जो वारा लागतो तो तुम्ही अनुभवलाच असेल, धुकं पण होतं, आणि संकेश्वरच्या अलीकडं माझ्या उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली. गेली म्हणजे आहेत पण नाहीत. त्यात गळीत हंगाम, रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, ना रिफ्लेक्टर ना लाल दिवा, ऊस बाहेर लोंबत असतोय तेवढाच हेडलाइटला दिसतोय. असाच एक पुढं आला. मी फ्रंट ब्रेक दाबला, म्हणजे मेंदूनं दाबला, पण लिव्हर किती आत गेला, गेला की नाही, काहीच समजेना, हाताकडनं निरोपच येईना. मागचा ब्रेक पायानं दाबला आणि गाडी शोल्डरवर घातली, तिथं सुदैवानं कोण उभं नव्हतं. ट्रॉलीच्या बाजूनं गेलो तेव्हा उसाचं पाचट खांद्याला घासून गेलं.

पुढं एका बंद टपरीजवळ थांबून ग्लोव्हज काढले आणि इंजिनजवळ हात धरून बसलो. रक्त परत येताना बोटं जी जळतात ना, ते मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. उजाडल्यावर दाजींना फोन करून सांगितलं तर ते काय म्हणाले असतील? "नीट घातले नसशील ग्लोव्हज, मनगटाचा पट्टा ओढायचा असतो." पट्टा ओढलेला होता, दाजी. तेव्हा पण सांगितलं होतं, आता परत लिहितोय.

मुद्दा एवढाच आहे की ग्लोव्हज गरमी तयार करत नाहीत, हाताची आहे ती धरून ठेवतात. ज्या बोटात रक्तच येत नाही तिथं धरून ठेवायला काय आहे? आणि हे फक्त माझ्यासारख्या फेटलिंगवाल्याचं नाही. बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १२ च्या आसपास येतो, आणि १२ अंशात ८० च्या स्पीडनं चाललात तर वाऱ्यामुळं अंगाला ७ अंशासारखं लागतंय. हात सगळ्यात पुढं असतात, आणि शरीर गार पडायला लागलं की रक्त आधी हातापायातनंच मागं खेचून घेतं. हे झालं कोरड्या हवेचं. आमच्याकडचा खरा त्रास तर पावसातला आहे, जांबोटी-कणकुंबी-चोर्ला, नाहीतर चंदगडवरनं आंबोली, ग्लोव्हज भिजले की त्यातलं पाणी सुकताना हाताचीच गरमी घेऊन जातंय. जुलैमध्ये कणकुंबीला चहाच्या गाड्यावर ग्लास दोन्ही हातांत धरून उभे असलेले बाईकवाले बघा आणि मग मला सांगा गरज नाही म्हणून. लडाखला जायचं म्हणूनच हीटेड ग्रिप्स घ्यायचे असतात हे डोक्यातनं काढून टाका.

आता बसवायचं. घरी येतं, एक रविवार पुरतो, गोंद सुकायचा वेळ सोडून.

मी आधी इथल्याच एका ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडं गेलो होतो. त्यानं किट बघितलं न बघितलं आणि हेडलाइटची वायर सोलायला घेतली, तिथंच जोडतो म्हणाला. मी रिले (बारीक करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) कुठंय विचारल्यावर "एन आगंगिल्ल री", काय होत नाही साहेब. मी तिथनं गाडी परत घेऊन आलो. काय होत नाही कसं? ग्रिप्सची जोडी फुल्लवर ४ अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे पन्नासेक वॉट. हॅलोजन हेडलाइट ५ अँपिअर ओढतोच, आणि २०१७ पासनं आपल्याकडं हेडलाइट कायम चालू. त्याच बारीक वायरीत, त्याच कपलरमध्ये (वायरी जोडायच्या प्लगमध्ये) हे दोन्ही कोंबायचं म्हणजे आज नाही तर उद्या कपलर वितळणार, आणि ते वितळणार तेव्हा रात्र असणार, घाट असणार आणि हेडलाइट पण जाणार. स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्या कुणालाही हार्नेसला, म्हणजे गाडीच्या मूळ वायरींच्या जुडग्याला, ब्लेड लावू देऊ नका.

बरोबर पद्धत अशी. बॅटरीच्या प्लसवरनं वायर, वीतभर अंतराच्या आत ७.५ अँपिअरचा फ्यूज, तिथनं रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. ८७ मधनं ग्रिप्सच्या कंट्रोलरला. ८५ अर्थ. ८६ ला ट्रिगर, म्हणजे चावी लावल्यावरच करंट येणारी कुठलीही वायर, टेललाइटची सोयीची पडते कारण रिलेची कॉइल अगदी किरकोळ करंट घेते, त्या वायरीला कळत पण नाही. एबीएस आणि ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) वायरींच्या वाटेला जायचं नाही. ग्रिप्सचा अर्थ थेट बॅटरीच्या मायनसला, फ्रेमच्या रंगवलेल्या बोल्टला नको. काही किटमध्ये व्होल्टेज उतरलं की आपोआप बंद व्हायची सोय असते, आणि लोक म्हणतात मग रिले कशाला. माझं मत, तरीही लावा. माझ्या बाईकला ८ एएच (अँपिअर-तास) ची बॅटरी आहे, ग्रिप्स चालू राहून गेल्या तर दोन तासांत खेळ खलास, आणि सकाळी सेल्फ मारताना रिलेचे पैसे आठवत बसाल.

ग्रिप बसवायच्या आधी मल्टिमीटरनं दोन्हीचा रेझिस्टन्स बघा. २५ वॉटचा एक ग्रिप असेल तर ६ ओहमच्या जवळपास दाखवणार. काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटलेली आहे, चिकटवायच्या आधीच परत करा, नंतर कोण घेत नाही. जुना ग्रिप काढताना आत ऑइल नाहीतर डब्ल्यूडी-४० मारू नका, ते राहिलं की नवीन ग्रिपचा गोंद धरत नाही. साबणाचं पाणी चालतं, कॉम्प्रेसरची हवा असेल तर उत्तम, नाहीतर सरळ ब्लेडनं उभा कापून टाका, जुन्याचं काय करायचंय.

थ्रॉटल ट्यूबवर (रेस देताना फिरणाऱ्या नळीवर) जुन्या रबराला धरून ठेवायला रेषा उठवलेल्या असतात. त्या कानशीनं उतरवाव्या लागतात, नवीन ग्रिप हातानं दाबून घट्ट जाईल इतपत. घाई इथंच होते सगळ्यांची. ग्रिप अर्ध्यात अडकला म्हणून हातोडी घातली की आतलं एलिमेंट (गरम होणारी तार) गेलं. काढा, अजून दोन हात कानस मारा, परत बघा. फाउंड्रीतल्या माणसाला हे काम आवडतं, तुम्हाला कंटाळा येईल, पण करा.

उजव्या ग्रिपची वायर थ्रॉटलबरोबर फिरते हे लक्षात ठेवा. गोंद न लावता आधी बसवून पूर्ण रेस पिळून बघा, वायर ब्रेक लिव्हरला, स्विचच्या डब्याला कुठं अडत नाही ना, आणि सोडल्यावर थ्रॉटल फटकन परत येतोय ना. बार-एंडच्या वजनापासनं दोन-तीन एमएम फट ठेवा. हँडल पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं फिरवून परत तेच बघा. थ्रॉटल जरा जरी अडकून राहिला तर गाडी घराबाहेर काढायची नाही, थंडी परवडली पण हे नको. सगळं पटलं की मग गोंद, आणि २४ तास हात लावायचा नाही.

डावा ग्रिप उजव्यापेक्षा गार लागेल. बिघाड नाही तो. उजवीकडं मध्ये प्लॅस्टिकची ट्यूब आहे, डावीकडं ग्रिप थेट लोखंडी हँडलवर बसतो आणि हँडल गरमी ओढून घेतो. काही कंपन्या डावीकडचं एलिमेंटच जास्त वॉटचं देतात. तुमच्यात तसं नसेल तर हँडलवर हीट-श्रिंकचा (गरम केल्यावर आवळणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीचा) एक थर चढवून त्यावर ग्रिप घाला, जागा बसत असेल तर.

आणि हँडगार्ड लावा. ग्रिप तळहात गरम करतो, बोटांची पाठ वाऱ्यातच असते. हँडगार्ड नसेल तर निम्मी गरमी संकेश्वरच्या माळाला दिली असं समजा. दाजींचे ते जाड ग्लोव्हज पण इथं उपयोगाचे नाहीत, ग्रिपची गरमी हातापर्यंत यायला तळहाताकडं ग्लोव्ह पातळच लागतो. जाड ग्लोव्हजमध्ये लिव्हरचा अंदाज पण जातो.

मी बसवल्यानंतरच्या हिवाळ्यात दाजी बेळगावला आले होते तेव्हा त्यांना मुद्दाम पहाटे काकतीवरनं हत्तरगी टोल नाक्यापर्यंत चालवायला दिली. परत आल्यावर हात चोळले नाहीत त्यांनी, मी बघत होतो. तरी म्हणाले, "छान आहे, पण गरज अशी नाही." दाजी, राजदूतवर तुम्ही ५० नं जात होता, रस्त्याला चार लेन नव्हत्या, आणि तुमची बोटं मोसंबीच्या दुकानात गेलेली, ग्राइंडरवर नाही. सहन होतंय म्हणजे गरज नाही असं होत नाही. ताईला पण हेच सांगून झालंय.

वॉरंटीचं राहिलं. हार्नेस कापला, सोलला, तर इलेक्ट्रिकल वॉरंटी नाकारायला त्यांना कारण मिळतं, हे खरं. न कापता, फ्यूज-टॅप (फ्यूजच्या जागेतनंच जोड घ्यायचा तुकडा) किंवा कंपनीनंच दिलेला अ‍ॅक्सेसरी कपलर वापरून केलंत तर बोलायला जागा कमी राहते. पण लेखी विचारून ठेवा, सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर तोंडी काहीही बोलतोय.

अजून, राइड-बाय-वायरच्या (केबलऐवजी सेन्सरनं चालणाऱ्या थ्रॉटलच्या) बाईकला वरचं थ्रॉटल ट्यूबचं सगळं जसंच्या तसं लागू नाही, तिथं त्या मॉडेलसाठीचंच किट घ्या, ट्यूबला कानस लावू नका. छोट्या इंजिनच्या गाडीत फॉग लाइट आधीच लावलेले असतील तर ग्रिप्स चालू करून, गाडी रेसवर ठेवून बॅटरीवर व्होल्टेज बघा, १३ च्या वर राहत नसेल तर चार्जिंग पुरत नाहीये, एकतर फॉग लाइट नाहीतर ग्रिप्स. ज्यांना शुगरमुळं हाताला बधिरपणा आहे त्यांनी फुल्लवर चालवू नये, चटका बसलेला कळत नाही. आणि बोटं माझ्यासारखी पांढरी पडत असतील तर ग्रिप्सच्या आधी डॉक्टर, कारण हँडलचं व्हायब्रेशन ग्रिप गरम केल्यानं जात नाही, आणि सिगारेट असेल तर ती बंद, त्यानं रक्तवाहिन्या अजून आवळतात.

तुम्ही बाईकचं मॉडेल लिहिलेलं नाही. ते लिहा, आणि हँडलचा व्यास २२ एमएम आहे का, आत्ताच्या ग्रिपची लांबी किती, एवढं मोजून लिहा, म्हणजे ट्रिगर कुठनं घ्यायचा आणि रिले सीटखाली बसतोय की हेडलाइटमागं ते सांगतो.